विंचवाची तीन नावं

एमडीच्या दुसऱ्या वर्षी दिवाळीला चार दिवस घरी गेले होते. आई चकल्या तळत होती आणि मी ओट्याशेजारी स्टुलावर बसून प्रिंटआउट चाळत होते. "एवढं काय वाचतेस?" तिने विचारलं. "थिसिससाठी साहित्याचा आढावा घ्यायचाय." आईला साहित्य दोनच प्रकारचं ठाऊक. एक कपाटातलं, कथा-कादंबऱ्यांचं. दुसरं पाककृतीच्या डोक्यावर लिहितात ते, चार वाट्या भाजणी, अर्धी वाटी मोहन. मी सांगितलं की विंचूदंशावर माझ्याआधी ज्यांनी काम केलं त्यांनी काय पाहिलं, काय लिहून ठेवलं, ते शोधायचं आणि नीट वाचायचं. झाऱ्यावरचं तेल निथळू देत ती म्हणाली, "मग हे दुसऱ्या प्रकारचंच की. सामान काढून ठेवल्याशिवाय का कुणी कढई चढवतं?"

आता मी स्वतः गाईड आहे. दरवर्षी दोन-तीन रेसिडेंट माझ्याकडे थिसिस करतात, आणि आईचं ते वाक्य मी त्यांना दरवर्षी सांगते. कारण आमच्याकडे कढई आधी चढते. सिनॉप्सिस जातो, एथिक्स कमिटीची परवानगी येते, रुग्ण गोळा होतात, तक्ते होतात, आणि जमा करायला तीन आठवडे उरले की कुणीतरी म्हणतं, "फक्त रिव्ह्यू राहिलाय, मॅडम." रिव्ह्यू म्हणजे हाच साहित्याचा आढावा. मग सीनियरचा थिसिस येतो, त्यातले परिच्छेद शब्द फिरवून उतरतात, प्लॅजिअरिझमची टक्केवारी बसते आणि प्रकरण संपतं. मला याचा मनापासून त्रास होतो. का होतो हे सांगायचं तर एका रात्रीपासून सुरुवात करावी लागेल.

एमबीबीएसनंतरचा बॉण्ड, म्हणजे सक्तीची सरकारी सेवा, मी रायगड जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात केला. भातकापणीचे दिवस होते. रात्री साडेनऊला रिक्षातून आठ वर्षांच्या एका मुलाला आणलं. पेंढ्यात हात घातला आणि विंचू चावला. शर्ट पिळून काढावा इतका घाम, एकामागून एक उलट्या, नाडी मोजता येणार नाही अशी धावणारी, आणि हात-पाय बर्फासारखे गार. चावलेल्या जागी दुखतंय म्हणून तो फारसा रडत नव्हता. मला त्यातल्या त्यात बरं वाटलं. पण विंचू चावल्यावर जो जिवाच्या आकांताने ओरडतो त्याची काळजी कमी करायची असते आणि जो गप्प घामेजून पडतो त्याची जास्त, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. आमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना ठाऊक होतं. त्यांनी टेबलाच्या खणातून प्रॅझोसिनची पट्टी काढली, मुलाच्या वजनाप्रमाणे गोळीचा भाग करून दिला आणि मला म्हणाले, "दर तीन तासांनी. हातपाय गरम होईपर्यंत." मी रात्रभर त्याचे तळपाय चाचपत बसले. दुसऱ्या पायाशी त्याची आजी. पहाटे कधीतरी तीच आधी म्हणाली, "आली बघा ऊब."

ती गोळी त्या खणात आली कशी, हा प्रश्न मला त्या रात्री पडला नाही. तो पडायला दोन वर्षं गेली.

लाल विंचवाचं विष शरीरातल्या मज्जातंतूंना असं काही चेतवतं की ॲड्रिनलिनच्या जातीच्या रसायनांचा लोंढा सुटतो. रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदय त्या दाबाविरुद्ध झगडून थकतं आणि फुप्फुसांत पाणी भरतं. माणूस दगावतो तो या पाण्याने. पूर्वी अशा रुग्णांना स्टेरॉइड, ॲट्रोपिन, गुंगीच्या औषधांचं 'लायटिक कॉकटेल' असं बरंच काही दिलं जाई. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले आणि या रुग्णांच्या खाटेशी बसून राहिले. घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय ही पुढच्या संकटाची आगाऊ खूण आहे, हे त्यांनी नोंदींतून दाखवलं. तो लेख १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. मग रक्तवाहिन्यांचं आवळणं सोडवणारी, तोवर रक्तदाबासाठी वापरली जाणारी प्रॅझोसिन त्यांनी देऊन पाहिली आणि १९८६ मध्ये, डॉ. प्रमोदिनी बावस्करांसह, 'लॅन्सेट'लाच कळवलं. त्याआधी गंभीर रुग्णांत शंभरामागे पंचवीस-तीस मृत्यू होत. ते प्रमाण पुढे एकाच्या आसपास आलं.

१९८६ चा तो मजकूर म्हणजे संपादकांना लिहिलेलं पत्र आहे. लेखसुद्धा नव्हे. 'लेटर' या सदरातला. हे मी मुद्दाम सांगते, कारण आज माझे रेसिडेंट शोध घेताना पहिली गोष्ट काय करतात, तर संगणकावरच्या शोधाच्या पानावर डाव्या बाजूच्या चौकोनांत खुणा करून लेटर, केस रिपोर्ट (एखाद्या रुग्णाची हकिकत), जुनं सगळं गाळून टाकतात. ढीग कमी होतो. त्या ढिगाबरोबर महाडचं पत्रही जातं.

माझा स्वतःचा पहिला शोध याहून वाईट होता. पाठ्यपुस्तकात लाल विंचवाचं शास्त्रीय नाव मेसोब्यूथस टॅम्युलस असं होतं. मी पबमेडमध्ये, म्हणजे वैद्यकीय लेखांच्या संगणकावरच्या सूचीत, तेवढंच टाइप केलं, जे आलं ते छापलं आणि गाईडसरांपुढे ठेवलं. सर कमी बोलायचे. त्यांनी यादीवरून बोट फिरवलं, एक कोरा केसपेपर उलटा केला आणि त्यावर तीन शब्द एकाखाली एक लिहिले. ब्यूथस. मेसोब्यूथस. हॉटेंटोटा. "एकच विंचू," ते म्हणाले. "जुन्या लोकांनी त्याला पहिल्या नावाने ओळखलं, तुझ्या पुस्तकाने दुसऱ्या, आणि आता २००७ पासून प्राणिशास्त्रवाल्यांनी तिसऱ्यात टाकलंय. तू मधल्याच घराचं दार वाजवून आलीस."

तो केसपेपर मी अजून जपून ठेवला आहे. त्या दिवशी त्याच्या उरलेल्या कोऱ्या जागेत आम्ही शब्द वाढवत गेलो. स्टिंग लिहिणारे आहेत तसे बाइट लिहिणारेही आहेत. विषबाधेला कुणी एन्व्हेनमिंग म्हणतं, कुणी एन्व्हेनमेशन. इडिमा, म्हणजे साचलेलं पाणी, याचं स्पेलिंग इंग्लंडमध्ये ओ पासून सुरू होतं, अमेरिकेत ई पासून, आणि आपली जुनी नियतकालिकं इंग्लंडच्या वळणाची. एवढ्या एका अक्षरापायी फुप्फुसात पाणी झालेले कित्येक रुग्ण माझ्या यादीबाहेर राहिले होते. यावर उपाय म्हणून अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने १९६० पासून ठरावीक विषयशब्दांची सूची केली आहे, तिला मेश म्हणतात. लेखकाने काहीही शब्द वापरला तरी तिथली प्रशिक्षित माणसं लेख वाचून त्याला योग्य विषयशब्द लावायची. पुढे हे काम यंत्राकडे गेलं. हे विषयशब्द आणि आपले स्वतःचे शब्द, दोन्हींनी शोधायचं आणि मग 'किंवा', 'आणि' यांनी जोडायचं. सांगायला दोन वाक्यं लागतात. नीट करायला मला पंधरा दिवस लागले, आणि त्या पंधरा दिवसांत मी विंचवाबद्दल जितकं शिकले तितकं पाठ्यपुस्तकातून शिकले नव्हते.

पबमेडवर जुन्या लेखांचं फक्त शीर्षक मिळतं, सारांश नसतो. १९६१ मध्ये मुंडले यांचं विंचूदंशावरचं टिपण 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आलं होतं. महाडच्या कामाच्या वीस वर्षं आधीचं. ते पाहायचं तर लायब्ररीच्या मागच्या खोलीत जावं लागे. तिथे लाल रेक्झिनची बांधणी केलेले खंड, पाठीवर सोनेरी आकडे, पानांना डांबराच्या गोळ्यांचा वास. एका भिंतीला 'इंडेक्स मेडिकस'. जॉन शॉ बिलिंग्ज यांनी १८७९ मध्ये सुरू केलेली ही वैद्यकीय लेखांची सूची २००४ पर्यंत छापली जात होती. १९९७ मध्ये पबमेड सगळ्यांना मोफत खुलं झालं आणि त्या भिंतीकडे जाणं थांबलं. लायब्ररीतले काका मात्र खंडाची जागा न बघता सांगायचे. मी काय शोधते आहे हे विचारून घेतल्यावर ते एकदा म्हणाले, "आमच्या गावाला पावसाळ्याआधी कौलं काढताना फार चावतात. तुमच्या पेपरात महिना लिहितात का?" मी परत जाऊन पाहिलं. काही लेखांत महिना होता, बऱ्याच लेखांत नव्हता. माझ्या तक्त्यात तो रकाना काकांमुळे आला.

जुनं वाचायचं कशाला, असं ज्याला वाटतं त्याला मी बाल्टिमोरची गोष्ट सांगते. २००१ मध्ये जॉन्स हॉपकिन्समध्ये दम्यावरच्या एका प्रयोगात निरोगी स्वयंसेवकांना हेक्झामेथोनियम नावाचं औषध हुंगायला दिलं गेलं. त्यातली एक चोवीस वर्षांची मुलगी, तिथेच प्रयोगशाळेत काम करणारी, फुप्फुसं निकामी होऊन २ जूनला गेली. हे औषध १९५० च्या दशकात रक्तदाबासाठी वापरत आणि त्याने फुप्फुसांवर परिणाम होतो हे तेव्हाच्या लेखांत छापलेलं होतं. पण संगणकावरची सूची तेव्हा १९६६ पासून पुढची होती. शोध तिथवर जाऊन थांबला. चौकशीत या अपुऱ्या शोधावर ठपका आला आणि तिथलं सरकारी पैशांवर चालणारं जवळजवळ सगळं संशोधन काही दिवस बंद झालं. ती मुलगी रुग्णही नव्हती. कुणाच्या तरी दम्याला उपयोग होईल म्हणून पुढे आलेली होती. रिव्ह्यू हे शेवटच्या तीन आठवड्यांत उरकायचं प्रकरण आहे असं कुणी म्हणालं की मला ती आठवते.

मी स्वतः केलेली चूक त्या मानाने लहान आहे, पण ती सांगायलाच हवी. माझ्या मसुद्यात एक वाक्य होतं, विंचूदंश झालेल्या मुलांत मृत्यूचं प्रमाण अमुक इतकं, आणि पुढे १९७६ च्या एका भारतीय लेखाचा संदर्भ. वाक्य आणि संदर्भ दोन्ही मी आधीच्या एका थिसिसमधून घेतले होते. सरांनी पेन्सिलीने बाजूला लिहिलं, "मूळ पाहिलं?" मी काकांकडून १९७६ चा खंड काढून घेतला. त्या पानावर दुसराच लेख. पुढचं-मागचं वर्ष पाहिलं, नाही. तीन संध्याकाळ गेल्या. शेवटी काका म्हणाले, आकडे उलटे झाले असतील, सदुसष्ट बघा. १९६७ च्या खंडात, त्याच पानावर, लेख होता. आणि त्यात ते प्रमाण 'विंचूदंश झालेल्या मुलांचं' नव्हतंच. ते होतं प्रकृती गंभीर झाल्यामुळे रुग्णालयात दाखल केलेल्या मुलांचं. गावात चावून घरीच बरी झालेली पोरं त्या हिशोबात कुठेच नव्हती. वाटेत कुणीतरी 'दाखल केलेल्या' हे दोन शब्द गाळले, कुणीतरी आकडे उलटे केले, आणि माझ्यापर्यंतच्या प्रत्येकाने ते तसंच पुढे दिलं. मी ते पुढे देणारी पुढची होते.

दोन शब्द गळाल्याने काय होतं, याचा जगातला सगळ्यात भयंकर दाखला १० जानेवारी १९८० च्या 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आहे. तेही पत्रच, अवघ्या पाच वाक्यांचं. बोस्टनच्या डॉक्टरांनी नोंदी तपासून कळवलं होतं की रुग्णालयात असताना अफूजन्य वेदनाशामक मिळालेल्या ११,८८२ रुग्णांपैकी फक्त चौघांत व्यसन लागल्याची नोंद सापडली. पत्रात खोटं काही नव्हतं. पण रुग्णालयात, नर्सच्या हातून, थोडे दिवस औषध घेणं वेगळं आणि घरी महिनोन्‌महिने गोळ्यांची बाटली जवळ असणं वेगळं. २०१७ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी त्या पत्राचा संदर्भ देणारे लेख मोजले, ते ६०८ निघाले. त्यातल्या ७२ टक्क्यांनी ते पत्र व्यसन क्वचितच लागतं याचा पुरावा म्हणून दिलं होतं, आणि ८१ टक्क्यांनी हे रुग्ण रुग्णालयात दाखल होते हे सांगितलंच नव्हतं. मधल्या काळात अमेरिकेत या गोळ्यांनी किती घरं उद्ध्वस्त झाली हे आपण वाचलं आहे. पाच वाक्यं वाचायला एक मिनिटसुद्धा लागत नाही.

महाडचं पत्र आणि बोस्टनचं पत्र यांच्यात सहा वर्षांचं अंतर आहे. मी रेसिडेंटना दोन्ही शेजारी ठेवून वाचायला लावते. पत्र आहे म्हणून एक गाळू नका, नामांकित नियतकालिकातलं आहे म्हणून दुसरं तसंच उचलू नका. कोणते रुग्ण, कुठे, किती दिवस, कुणाशी तुलना करून, एवढं प्रत्येक कागदाला विचारा.

हे विचारलं नाही तर आढाव्यात दुसरा गोंधळ होतो. विंचवाची लस, म्हणजे विषावरचा उतारा, द्यावा की नाही? १९९९ मध्ये ट्युनिशियातल्या ८२५ रुग्णांच्या चाचणीने सांगितलं, सरसकट देऊन फायदा नाही. २००९ मध्ये ॲरिझोनातल्या अवघ्या पंधरा मुलांच्या चाचणीत उतारा दिलेली आठच्या आठ मुलं चार तासांत सावरली, न दिलेल्या सातांतलं एकच. २०११ मध्ये महाडच्याच सत्तर रुग्णांच्या चाचणीत उतारा आणि प्रॅझोसिन दोन्ही मिळालेले रुग्ण नुसत्या प्रॅझोसिनवाल्यांपेक्षा लवकर बरे झाले. माझ्या पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं, "या विषयावर तज्ज्ञांत मतभेद आहेत." सरांनी ते वाक्य खोडलं. मतभेद नव्हतेच. ट्युनिशियाचा विंचू वेगळा आणि तिथे सौम्य-गंभीर सगळ्यांनाच उतारा दिला होता. ॲरिझोनाचा विंचू मुलांचे डोळे गरागरा फिरवतो, हातपाय झाडायला लावतो, आपल्यासारखा हृदयावर येत नाही. तीन देशांतले तीन वेगळे प्रश्न मी एका ओळीत कोंबून त्याला भांडण म्हटलं होतं.

आपल्याकडचा पुरावा आपल्यालाच सापडत नाही, याची खंत मात्र अजून तशीच आहे. सर्पगंधेचं उदाहरण जुनं आहे. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये 'इंडियन मेडिकल वर्ल्ड'मध्ये ती उच्च रक्तदाबावर आणि मानसिक आजारावर उपयोगी पडते असं छापलं. पण जगाचं लक्ष वळलं ते मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांचा लेख १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये आल्यावर. मधली अठरा वर्षं ते ज्ञान भारतीय कागदावर छापलेलं पडून होतं. आजही आपली कितीतरी नियतकालिकं मोठ्या सूचींत येत नाहीत. आणि थिसिस तर कपाटांत असतात. कोकणातल्या, मराठवाड्यातल्या, विदर्भातल्या रेसिडेंटनी विंचू, साप, लेप्टोस्पायरोसिसच्या तापावर केलेलं तीन-तीन वर्षांचं काम, काळ्या बाइंडिंगमध्ये, कुलपात. जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'मुळे सरकारी महाविद्यालयांना आणि संशोधन संस्थांना जवळजवळ तेरा हजार नियतकालिकं खुली झाली, ही मोठी गोष्ट आहे, मला तिचा आनंद आहे. पण कपाटाचं कुलूप त्याने उघडत नाही. ते आपणच उघडायचं आहे.

यंदा माझ्याकडे गुहागरकडची एक मुलगी आहे. तिने पुन्हा विंचूदंशच घेतला. पहिल्याच आठवड्यात ती बासष्ट संदर्भांची यादी घेऊन आली, सुबक, एकसारखी. मी सवयीने यादीवरून बोट फिरवलं. तेविसावा संदर्भ मला ओळखीचा वाटेना, आणि या विषयावरचा मला अनोळखी लेख असावा ही शक्यता कमी. आम्ही दोघींनी मिळून शोधला. नियतकालिक खरं, वर्ष खरं, खंड खरा. त्या पानावर तो लेख नाही. त्या वर्षी कुठेच नाही. तशा नऊ नोंदी निघाल्या. चॅटबॉटने रचलेल्या होत्या. तिचे डोळे भरून आले. मी रागावले नाही. १९७६ ची गोष्ट सांगितली, आणि तो जुना केसपेपर काढून तिच्या पुढ्यात ठेवला.

तिने तिन्ही नावं वाचली. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, पण आमच्याकडे काळ्या मोठ्या विंचवाला इंगळी म्हणतात. ती चावली तर आजी घाबरायची नाही, लाल चावला की घाबरायची. आपल्या कॅज्युअल्टीच्या रजिस्टरात काय लिहितात?"

मला सांगता येईना. इतक्या वर्षांत मी ते रजिस्टर त्या नजरेने उघडलंच नव्हतं. दुपारची ओपीडी संपल्यावर आम्ही रेकॉर्ड रूममध्ये गेलो. पाच वर्षांची रजिस्टरं खाली काढली. पहिल्याच पानावर, ऑक्टोबरमधल्या एका रात्री, कुणा ड्यूटीवरच्या ब्रदरने निळ्या शाईत लिहिलेलं होतं, 'विंचूदंश (इंगळी), निरीक्षणाखाली.' तिने पेन काढलं आणि केसपेपरवर, तिसऱ्या नावाच्या खाली, चौथं लिहिलं.